ओळखीच्या आवाजाला उघडलेलं दार

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. समोरच्या फ्लॅटच्या दाराला नवी साखळी बसवायची होती.

ड्रिल माझंच. नवरा गेल्यावर त्याचे कपडे मी वाटून टाकले, पण अवजारांची पेटी ठेवली. कुवेतच्या हवल्ली वस्तीतल्या आमच्या जुन्या इमारतीत ती रोज लागते. काही मोडलं तर मालक हारिसला सांगतो. हारिस म्हणजे इमारतीचा रखवालदार, आमचा मिस्री, म्हणजे इजिप्तचा आहे. तो छातीवर हात ठेवून ‘बुक्रा’ म्हणतो, म्हणजे उद्या. त्याच्या उद्याची वाट बघत बसलेल्या वस्तू प्रत्येक मजल्यावर आहेत.

जुनी साखळी चौकटीतून उपटून निघाली होती. स्क्रू नखाएवढे. लाकूड फाटून पांढरं पडलं होतं. मी चांगले लांब स्क्रू आणले होते आणि पट्टी थोडी वर सरकवून नवी भोकं पाडत होते. शेजारीण खाली बसून भुसा सुपलीत धरत होती. नोव्हेंबरची हवा चांगली होती, खिडक्या उघड्या होत्या, तरी तिनं लांब बाह्यांचा अंगरखा घातला होता. सुपली पुढे करताना बाही मागे सरकली आणि मनगटावरचा डाग दिसला. निळा जांभळा. तिनं बाही खाली ओढली. मी ड्रिल चालू केलं.

मी तिला भाभी म्हणते, ती मला ताई. रायगडात म्हसळ्याकडे तिच्या नवऱ्याचं गाव आहे. तो दक्षिणेकडच्या तेलाच्या पट्ट्यात अवजड गाडी चालवतो, तिथल्याच कॅम्पात राहतो, गुरुवारी संध्याकाळी घरी येतो आणि शनिवारी परत जातो. मधले दिवस ती एकटी. ती डबे करते. कोकणातून कंत्राटावर आलेले, बायकामुलं तिकडे ठेवून इथे एका खोलीत चारपाच जण राहणारे पुरुष तिचे डबे नेतात. तिचा व्हिसा नवऱ्यावर अवलंबून, आणि डब्यांना परवाना नाही. हवल्लीत घरून डबे देणाऱ्या बहुतेक बायकांचं असंच आहे. सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही.

त्या मंगळवारी दुपारी मी कुवेत सिटीत ऑफिसात होते. माझं काम हिशेबाचं आहे. घरी आले तर जिन्यात हारिस उभा, हातवारे करत. गॅसचा सिलिंडर खांद्यावर घेऊन तो वर चालला होता, तेव्हा त्याला आमच्या मजल्यावर ओरडणं ऐकू आलं. त्यानं सिलिंडर पायरीवर आदळला, त्या आवाजासरशी एक माणूस भाभीच्या दारातून निघाला आणि दुसऱ्या जिन्यानं पळाला. हारिसला फक्त पाठ दिसली. निळा शर्ट, एवढंच तो सांगत होता. निळे शर्ट हवल्लीत हजारो आहेत.

भाभी स्वयंपाकघरात बसली होती. ओठ सुजला होता. म्हणाली, "चोर होता, ताई. पाटल्या ओढत होता."

पाटल्या हातातच होत्या.

मी पाणी दिलं, ओठावर बर्फ लावला आणि मखफरला, म्हणजे पोलीस ठाण्यात, जाऊ म्हटलं. ती नाही म्हणाली. नवऱ्याला फोन करू म्हटलं, तर म्हणाली, उगाच रात्रीबेरात्री गाडी हाणत येईल, गुरुवारी सांगते. पाटल्यांबद्दल मी तेव्हा विचारलं नाही. माणूस बोलायच्या स्थितीत नसेल तर मी विचारत नाही. त्यानं काही साधत नाही.

गुरुवारी नवऱ्यानं ऐकलं आणि एका वाक्यात निकाल दिला. महिनाअखेरीस तिनं गावी परत जायचं. तो कॅम्पात आणि बायको इथे एकटी, हे आता चालणार नाही.

तिला जायचं नव्हतं. मुलगी पनवेलला नर्सिंग शिकत होती आणि तिची फी डब्यांतून जायची. शिवाय गावचं घर दिराच्या ताब्यात. साखळीचा शेवटचा स्क्रू मी आवळत होते तेव्हा ती मला हळू आवाजात सांगत होती, "तिकडे कांदा चिरायचा तरी जावेला विचारून, ताई. इथे माझं फ्रीज माझं आहे."

नवरा आतून चहा घेऊन आला. सभ्य माणूस आहे, बोलतो कमी.

मी म्हटलं, "भाई, महिनाअखेर लांब आहे. आमच्या मराठी मंडळानं पुढच्या शुक्रवारी बायकांसाठी सुरक्षेचं शिबिर ठेवलंय. मी घेऊन जाते. ते बघू, मग ठरवा."

"शिकून काय करणार, ताई? ही झुरळाला घाबरते."

"झुरळाला तुम्हीही घाबरता," भाभी म्हणाली.

तो हसला. मंगळवारनंतर त्या घरात कुणी हसल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं. म्हणाला, "बरं. एक शिबिर. मला पटलं तर राहील."

म्हणजे तिचं राहणं आता एका शिबिरावर आलं होतं. असल्या शिबिरांकडून मला काही मोठी अपेक्षा नव्हती. चहा, समोसा, एक भाषण, ग्रुपवर फोटो. पण हातात दुसरं काही नव्हतं.

शिबिर एका इमारतीच्या तळघरातल्या हॉलमध्ये होतं. बायका बऱ्याच आल्या होत्या. काही जणींनी मुली आणल्या होत्या, त्या खुर्च्यांवर पाय वर घेऊन आपसात इंग्रजीत बोलत होत्या. शिकवणारा साताऱ्याकडचा, सैन्यातून निवृत्त झालेला सुभेदार. इथे एका कंपनीत सुरक्षेचा सुपरवायझर आहे. त्यानं भाषण केलं नाही, हे मला आवडलं. लिफ्टमध्ये शिरण्याआधी आत कोण आहे बघा. गाडीकडे जाताना किल्ली हातात, फोन पर्समध्ये. मागून कुणी येतंय असं वाटलं तर घरी जाऊ नका, बकाल्यात, किराणा दुकानात शिरा, दुकानदाराशी बोलत उभ्या राहा. डब्याच्या ग्राहकाला घराचं लोकेशन पाठवू नका, इमारतीच्या खालचं पाठवा.

या शेवटच्या वाक्यावर निम्म्या बायका खाली बघू लागल्या.

मग एका मुलीनं विचारलं, "अंकल, तुम्ही गन शिकवणार असं आई म्हणाली."

"उद्या. ज्यांना यायचंय त्यांनी. पण एक ऐका. इथे तुम्हाला बंदूक घरी ठेवता येत नाही. परदेशी माणसाला परवान्याचं नाव काढायचं नाही. सापडली तर आधी जेल, मग विमान."

"मग शिकून काय उपयोग?" कुणीतरी म्हणालं.

"हात थरथरतोय आणि डोकं चालू आहे, हे दोन्ही एकाच वेळी जमतं का, ते कळतं. बहुतेकांना जमत नाही. ते कळणंसुद्धा उपयोगाचं आहे."

त्यानंतर त्यानं एक खेळ घेतला. हॉलच्या मागे खुर्च्या ठेवायची खोली होती, तिला आतून कडी. बायकांनी पाचसहा जणींच्या गटानं आत जायचं, कडी लावायची. बाहेरून कुणी दार वाजवेल. उघडायचं की नाही ते आतल्यांनी ठरवायचं. आमच्या गटात मी, भाभी आणि आणखी चौघी.

पहिल्यांदा जाड आवाजात इंग्रजी. पोलीस, दार उघडा. आम्ही ओळखपत्र दाराखालून सरकवायला सांगितलं. बाहेरून शाबासकी मिळाली. मग हिंदी, "मॅडम, एसी सर्व्हिस." आम्ही म्हटलं, बोलावलं नाही. मग अरबीत हारिसची नक्कल, पाण्याची टाकी बघायचीय म्हणून. एक बाई आतूनच म्हणाली, "बुक्रा, बुक्रा," आणि सगळ्या हसल्या. मजा येत होती.

मग थोडा वेळ काहीच नाही. आम्हाला वाटलं, संपलं.

दारावर हलकेच टकटक झाली आणि बाहेरून कुणी म्हणालं, "वहिनी, अहो उघडा जरा. डबा ठेवायचाय. आणि पाणी मिळालं तर बघा, जीव नुसता सुकलाय."

माझा हात कडीवर होता. नुसता होता असं नाही, कडी मी काढली होती. शेजारची बाई दार माझ्याबरोबरीनं ओढत होती. तिनं दार उघडता उघडता "आले, आले," असंही म्हटलं.

बाहेर मंडळाचे खजिनदार उभे होते, अपराधी हसत, हातात एक रिकामा डबा. त्यांच्यामागे सुभेदार. तो हसत नव्हता.

"आतापर्यंत तीन गट झाले," तो म्हणाला. "तिन्ही गटांनी यांनाच उघडलं. मी काही वेगळं केलं नाही. फक्त मराठी बोलणारा माणूस उभा केला."

बायका एकमेकींना कोपरानं ढोसत हसू लागल्या. कुणी म्हणालं, "आता आपल्या माणसाला काय बाहेर उभं ठेवायचं?" मलाही आधी ओशाळवाणं हसू आलं. मग मी भाभीला शोधायला वळले.

ती खोलीच्या पार मागे होती. रचलेल्या खुर्च्यांच्या दोन थप्प्यांमध्ये अंग चोरून उभी. एक खुर्ची पाडून ती तिथे शिरली होती आणि हसण्याच्या गोंधळात कुणाला ते ऐकूच आलं नव्हतं. दोन्ही हात तोंडावर. पोलिसाच्या आवाजाला ती माझ्या शेजारी उभी होती, एसीवाल्याला तर तिनंच उत्तर दिलं होतं. डबा आणि पाणी हे दोन शब्द ऐकून ती मागे गेली होती.

मी तिला धरून बाहेर आणलं. सुभेदारानं तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. एक खुर्ची पुढे केली. समोसे आले.

परतताना मी गाडी चालवत होते. तीच म्हणाली, "उद्या मी येणार, ताई. बंदुकीला."

"नक्की?"

"नक्की."

नेमबाजीची रेंज शहराबाहेर रिंग रोडवर आहे. सकाळी वाऱ्यात बारीक वाळू होती, समोरच्या गाड्या पिवळट दिसत होत्या. आम्ही सातआठ जणी पोचलो. सिव्हिल आयडी दाखवली, कागदांवर सह्या केल्या, कानांवर जाड आवरणं चढवली. तिथली शिकवणारी कुवेती मुलगी होती, विशीपंचविशीतली, काळा ट्रॅकसूट, डोक्याला घट्ट रुमाल. चेहऱ्यावर हसू नाही. तिचं इंग्रजी स्वच्छ होतं आणि ती प्रत्येक वाक्य दोनदा म्हणायची.

पिस्तूल छोटं होतं, सगळ्यात हलक्या गोळीचं. तरी हातात घेतल्यावर वजन कळतं. नळी कायम समोर. बोट घोड्यावर नाही, बाजूला सरळ. ते भरलेलंच आहे असं समजूनच हाताळायचं. माझी पहिली गोळी कागदाला लागलीच नाही. दुसरी कडेला लागली. आवाजापेक्षा मला माझ्याच खांद्याच्या दचकण्याचा राग आला. पाचव्या गोळीपर्यंत खांदा ऐकू लागला. त्या मुलीनं मान हलवली आणि मला बाजूला केलं.

भाभीची पाळी आली. तिला इंग्रजी तुटकं येतं, म्हणून मी मागे उभी राहून मराठीत सांगत होते. ती नीट उभी राहिली. पाय तिनं बरोबर ठेवले, कोपर बरोबर. झुरळाला घाबरणारी बाई म्हणून मी जे मनात धरलं होतं तसं काही दिसलं नाही. हात स्थिर होता, माझ्यापेक्षा जास्त. पहिली गोळी मधल्या वर्तुळाच्या शेजारी लागली. दुसरी त्याच्या जवळ. मुलगी पहिल्यांदा हसली आणि अरबीत काहीतरी कौतुकाचं म्हणाली.

मग तिनं शेवटचा नियम सांगितला, कारण तो ती प्रत्येकीला सांगत होती. मी भाभीच्या कानाजवळ तोंड नेऊन मोठ्यानं म्हटलं, "ती म्हणते, गोळी कोणावर झाडताय ते आधी ओळखा. आणि त्याच्या मागे काय आहे तेही बघा. गोळी तिथे थांबत नाही."

भाभीनं विचारलं, "काय म्हणाली?"

मी पुन्हा सांगितलं.

ती थोडा वेळ तशीच उभी राहिली, नळी समोर, बोट बाजूला. मग तिनं शिकवल्याप्रमाणे पिस्तूल हळूच समोरच्या फळीवर ठेवलं, दोन पावलं मागे आली आणि कानावरचं आवरण काढलं. गोळ्या शिल्लक होत्या. मुलीनं विचारलं, थकलात का? मी म्हटलं, हो.

गाडी पार्किंगमधून निघायच्या आधीच तिनं सांगितलं. रडत नव्हती. खिडकीबाहेर बघत बोलत होती.

"मी त्याला ओळखते, ताई."

"मला वाटलंच होतं."

"नवऱ्याच्या गावचा आहे. एसीच्या कामाला आलाय. नवीन आला तेव्हा पहिला पगार होईपर्यंत आमच्याकडेच जेवला. आमच्यात तसंच असतं, गाववाला नवीन आला की पहिला महिना आपल्या घरी. नंतर डबा लावला. भाभी, भाभी करायचा. मंगळवारी आला, म्हणाला डबा ठेवतो, पाणी द्या. मी पाणी आणायला साखळी काढली."

पुढचं तिनं सगळं सांगितलं नाही. सांगितलं तेवढं पुरेसं होतं. साखळी तिनं पुन्हा लावायचा प्रयत्न केला होता, तीच उपटून निघाली होती. सिलिंडर आदळला नसता तर काय झालं असतं, ते आम्ही दोघी बोललो नाही.

"चोर का म्हणालीस?"

"मागे काय आहे बघा म्हणाली ना ती मुलगी? त्याच्या मागे त्याची आई आहे. माझ्या सासूच्या घराला लागून तिचं घर. माझी मुलगी सुट्टीत तिथेच जाते. नाव घेतलं तर तिथे कुणाचं तोंड काळं होईल, ताई? त्याचं नाही होणार."

मी गाडी सुरू केली. रिंग रोडला लागल्यावर म्हटलं, "नवऱ्याला सांगावं लागेल. आजच. तो कॅम्पात जायच्या आधी."

"सांगितलं की मी गेले."

"नाही सांगितलंस तर तो माणूस परत दारात येणार. तेव्हाही पाणीच मागेल."

हवल्लीच्या सिग्नलला ती म्हणाली, "तुम्ही बसा मग आमच्याकडे. मी एकटी नाही सांगणार."

नवरा जेवून बॅग भरत होता. तिनं उभ्यानंच सांगितलं, नावासकट. सांगून झाल्यावर ती ओट्याकडे वळली आणि संध्याकाळच्या डब्यांचे तांदूळ धुवायला लागली. मी स्टुलावर बसून होते. नवरा हातातल्या शर्टाची घडी घालत राहिला, मोडत राहिला.

मग त्यानं विचारलं, "दार तू उघडलंस?"

"हो."

"का?"

"तुमच्या गावचा म्हणून." तिनं पाणी ओतलं, नवं घेतलं. "आपला माणूस आहे, त्याला नीट बघ, असं तुम्हीच सांगून गेला होता."

त्यानं शर्ट तसाच बॅगेत टाकला. मी म्हटलं, मखफरला जाऊ. मी बरोबर येते, अरबी कामचलाऊ येते मला. हारिस साक्ष देईल. घरात घुसलेल्या माणसाची तक्रार आहे, त्यात लाजायचं काय?

"ताई, पहिला प्रश्न काय येईल?" त्याचा आवाज चढला नाही. "हा माणूस तुमच्या दारात का आला. मग डबे निघतील. परवाना दाखवा. मग माझ्या कंपनीला फोन. ही जाईलच, मी पण जाईन. पोरीची फी कोण भरेल?"

"मग त्याला तसाच सोडणार?"

"गावात बोलतो. मोठी माणसं बसतील. माफी मागायला लावतील."

"कुणापुढे माफी? तो इथे, भाभी तिथे."

"तुम्ही मध्ये पडू नका, ताई. तुम्ही आमच्यासाठी खूप केलं."

हे वाक्य मी ओळखते. दार बंद करायची ती सभ्य पद्धत आहे. मी भाभीकडे बघितलं. मला वाटलं, ही आता काहीतरी बोलेल. सकाळी त्या हातांनी दोन गोळ्या जिथे हव्या तिथे मारल्या होत्या.

ती म्हणाली, "तिकीट काढा. मी जाते."

नवऱ्यानं मान हलवली. मग बॅगेची चेन लावता लावता, कुणाकडे न बघता म्हणाला, "शिबिर चांगलं होतं का?"

"चांगलं होतं," ती म्हणाली.

पुढचे दिवस तिनं आवराआवरीत घालवले. डब्यांच्या ग्राहकांना, गावी जातेय, सासूची तब्येत ठीक नाही, एवढंच कळवलं. ते सगळे दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या दुसऱ्या बाईकडे गेले. तीही डबेच करते, चिपळूणकडची आहे, पोरगी लहान आहे तिची. ग्राहक असे एकगठ्ठा सरकतात. एकाला चव आवडली की सगळे. भाभीनं मोठी पातेली तिलाच दिली. माझ्यासाठी मसाल्याच्या दोन बरण्या भरून ठेवल्या, मिक्सर हारिसच्या बायकोला दिला. फ्रीज विकलं. ते न्यायला माणसं आली तेव्हा ती आत जाऊन बसली.

या दिवसांत कुणी दार वाजवलं तर ती स्वतः उघडत नसे, मला फोन करायची. मी ऑफिसात असेन तर दार बंदच राहायचं. दोनदा तिचं सामान न्यायला आलेली माणसं खालूनच परत गेली. सुभेदाराला हे कळलं असतं तर त्यानं तिला पहिला नंबर दिला असता.

विमान गुरुवारी दुपारचं होतं. नवऱ्याला सुट्टी मिळाली नाही, म्हणून मी अर्धी रजा टाकून पोचवायला गेले. एका बाईची एवढी वर्षं दोन बॅगांत आणि एका खोक्यात बसली. खोक्यात दूध पावडर, टँग आणि मुलीसाठी स्वेटर. कोकणात स्वेटर कशाला, म्हटलं. म्हणाली, हॉस्टेलात लागेल.

आत जायच्या रांगेपाशी तिनं माझा हात धरला. पाटल्या हातात होत्या, डाग गेला होता.

"ताई, एक काम करा. मी पोचले की सांगा सगळ्यांना. त्याचं नाव घेऊन सांगा."

"गावात कळेल. तुझा नवरा म्हणाला होता..."

"तो म्हणाला तेव्हा मी इथे राहणार होते की नाही ते ठरायचं होतं. आता ठरलं. माझं जे जायचं होतं ते गेलं. त्या चिपळूणवालीची पोरगी सात वर्षांची आहे." तिनं ओढणी डोक्यावर नीट घेतली. "आणि तुमचं कोणी काही वाकडं करू शकत नाही. तुमचा व्हिसा तुमचा आहे."

ते खरं होतं. मी म्हटलं, सांगते. ती आत गेली. मागे वळून बघण्याची तिला सवय नाही, मलाही नाही. पार्किंगचं यंत्र नोट घेत नव्हतं, त्यात वेळ गेला. संध्याकाळी तिचा मेसेज आला, मुंबईला उतरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जमियात गेले. जमिया म्हणजे वस्तीचं सहकारी दुकान. शुक्रवारी सकाळी ताजी भाजी येते आणि डबेवाल्या बायका तेव्हाच येतात. चिपळूणवाली कोथिंबिरीपाशी होती, जुड्या झटकत. ती मला काकू म्हणते.

"काकू, आज तुम्ही इकडे कशा?"

मी नाव घेऊन विचारलं, हा तुझ्याकडे डबा घेतो का?

"घेतो की. भाभीकडचाच ना तो? काल संध्याकाळी आला होता. फार गरीब स्वभावाचा आहे हो. पोरीला चॉकलेट आणलं."

"आत आला होता?"

"आता दारात आलेल्या माणसाला काय जिन्यात उभं ठेवू? पाणी प्यायला, गेला."

मग मी तिला सांगितलं. तिथेच, भाज्यांच्या मध्ये, आवाज न चढवता, न लपवता. तिच्या हातातली जुडी तशीच राहिली.

"पण भाभी तर चोर होता म्हणाली होती."

"म्हणाली होती. मी सांगतेय ते खरं आहे. तिनंच मला सांगायला सांगितलंय."

तिनं जुडीची एक काडी तोडली. मग म्हणाली, "आता त्याला नाही कसं म्हणू, काकू? त्याच्याबरोबर सहा डबे आहेत. तो गेला तर ते पण जातील."

"तू म्हणू नकोस. नंबर दे."

मी तिथूनच फोन लावला. त्यानं लगेच उचलला. मी कोण ते सांगितलं, तर म्हणाला, "बोला ना, ताई." आवाज खरंच गरीब होता. मी म्हटलं, तुझा डबा आजपासून बंद. या बाईच्या इमारतीत किंवा आमच्या इमारतीत दिसलास तर मी स्वतः मखफरला जाईन. मी डबे करत नाही. मला कुणी काही विचारणार नाही. तो म्हणाला, ताई, काहीतरी गैरसमज झालाय. मी फोन ठेवला.

चिपळूणवालीनं कोथिंबीर पिशवीत टाकली, मग परत काढून दुसरी घेतली. "हे बाकीच्यांना सांगू नका हं, काकू," ती म्हणाली. "उगाच सगळ्यांचे डबे जातील."

पलीकडे वांग्यांपाशी देवगडकडची एक बाई उभी होती. तीही डबे करते. मी माझी सामानाची ट्रॉली तिकडे ढकलली आणि तिला सांगितलं.